चाल, पद आणि कर्तृत्व : संगीत नाटकातील स्वररचनाकारांच्या शैलींचा तौलनिक विचार

१

मराठी संगीत नाटकाचा वाङ्मयेतिहास नाटककारांच्या नावांनी विभागला गेला आहे. किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी अशी ही मालिका असून तिच्यातील प्रत्येक नावाखाली गद्य संवाद आणि पदे यांचा एकत्र विचार करण्याची प्रथा आहे. या प्रथेत एक गृहीतक दडलेले आहे. नाटकाची संहिता जशी एका लेखकाची, तशीच तिच्यातील पदेही त्याचीच, आणि संगीत म्हणजे तयार शब्दांवर नंतर चढविलेला साज, असे ते गृहीतक होय. त्यामुळे पदांचे मूल्यमापन कवितेच्या निकषांवर होते आणि स्वररचनाकारांचा विचार संगीतसमीक्षेकडे, किंवा बहुधा आठवणींच्या वाङ्मयाकडे, सोपविला जातो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या पदांविषयीचा रूढ अभिप्राय हे याचे ठळक उदाहरण आहे. नाटककार म्हणून त्यांचे श्रेष्ठत्व मान्य करणारे अभ्यासकही त्यांची पदे क्लिष्ट, समासबोजड आणि काव्यदृष्ट्या निस्तेज ठरवीत आले आहेत. छापील पान समोर ठेवले तर हा अभिप्राय चुकीचा म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच आहे की, ज्या पदांत स्वर आधी आला आणि शब्द मागून आले, त्यांच्या शब्दरचनेचे श्रेय वा दोष एकट्या नाटककाराच्या पदरात टाकणे कितपत युक्त आहे? स्वररचनाकाराची शैली पदाच्या भाषेतच उतरलेली असेल, तर तिची दखल न घेता केलेले शैलीविवेचन अपुरे राहील. किर्लोस्करांपासून अभिषेकींपर्यंतच्या स्वररचनाकारांची तुलना येथे याच प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाची आहे.

२

या तुलनेसाठी प्रथम ‘चाल’ ही संकल्पना समजून घेतली पाहिजे. जुन्या संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या डोक्यावर एक ओळ असते. तीत राग आणि ताल यांच्याबरोबर ज्या मूळ गीताच्या वळणावर ते पद रचले त्याचा निर्देश असतो. ही ओळ नटाच्या सोयीसाठी असली, तरी वाङ्मयदृष्ट्या तिचा अर्थ व्यापक आहे. पद हे आधीच्या एखाद्या रचनेशी नाते सांगत जन्माला आले आहे, अशी कबुलीच ती देते. आजच्या परिभाषेत ज्याला आंतरसंहितात्मकता म्हणतात, तिची इतकी उघड नोंद मराठीतील दुसऱ्या कोणत्याही वाङ्मयप्रकाराने क्वचितच ठेवली असेल.

चाल ही शब्दांपासून सुटी करता येणारी आणि नव्या शब्दांना आश्रय देणारी वस्तू आहे, ही समजूत मराठी लोकव्यवहारात खोल रुजलेली आहे. पेण-रोह्याच्या पट्ट्यापासून तळकोकणापर्यंत संगीत भजनाची जी परंपरा आहे, तीत संतांचा अभंग नाट्यपदाच्या चालीवर म्हणण्यात कोणालाही विपरीत वाटत नाही. तेथे ‘अमक्या पदाच्या चालीवर’ एवढे म्हटले की पेटीवाला सूर धरतो आणि पखवाजी ठेका लावतो. संगीत नाटकाने कीर्तनातून आणि लोकगीतांतून चाली उचलल्या. पुढे त्याच नाटकाच्या चाली भजनाने परत नेल्या.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पदांचा कर्ता आणि चाली बसविणारा हे दोघे एकच होते. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत ही ओळखीची वृत्ते, कीर्तनातील वळणे, लावणीचे ठेके आणि बेळगाव-धारवाडकडील कर्नाटकी चाली हे त्यांचे भांडार होते. १८८२ मध्ये पहिल्या तीन अंकांनिशी रंगमंचावर आलेल्या ‘सौभद्रा’तही हेच दिसते. या चालींचा स्वभाव कथनाचा आहे. दिंडी किंवा साकी म्हणताना वाक्य तोडावे लागत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागी राहू शकतात. म्हणूनच किर्लोस्करांची पदे संवादाचे काम करतात आणि पात्रे गाताना बोलत असल्याचा भास होतो. त्यांच्या भाषेतील ज्या प्रसादगुणाचे कौतुक होते, तो कवीच्या वृत्तीचा गुण आहेच; पण निवडलेल्या चालींनी त्याला वाव दिला, हेही तितकेच खरे. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदे’त (१८९९) घरगुती बोलीचा जो सहजपणा पदांत उतरला, त्याच्या मुळाशीही हीच व्यवस्था आहे.

चालींचा उगम बदलला की पदांची भाषा बदलते, याचा पुरावा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी दिला. ‘वीरतनया’पासून (१८९६) त्यांनी पारशी-गुजराती रंगभूमीवरील चटकदार चाली आणल्या. या चालींत तुकडे लहान आणि लयीची वळणे अनपेक्षित असतात. त्यांत बसणारे शब्दही तसेच हवेत, म्हणून कोल्हटकरांच्या पदांत शब्दचमत्कृती, यमकांची दाटी आणि तुटक रचना आली. समीक्षेने या साऱ्याचा उगम त्यांच्या कल्पनाविलासी वृत्तीत शोधला. तो शोध निराधार नाही. परंतु त्या वृत्तीला साचा पुरविणाऱ्या चालींकडे दुर्लक्ष झाले.

३

१९११ च्या मार्चमध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्या होत्या. नाटककाराहून वेगळा असा स्वररचनाकार या नाटकापासून ठळकपणे पुढे आला, असे मानले जाते. १९१३ मध्ये बालगंधर्व, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. याच मंडळीने १९१६ च्या डिसेंबरात ‘स्वयंवर’ सादर केले. त्याच्या चाली भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्या होत्या. दोन्ही नाटके खाडिलकरांची आणि दोहोंतील नायिका बालगंधर्वच. नाटककार तोच, प्रमुख गायकनट तोच, स्वररचनाकार मात्र वेगळा, अशी ही जोडी आहे. शैलींच्या तुलनेसाठी इतकी सोयीची परिस्थिती वाङ्मयेतिहासात सहसा हाती लागत नाही.

दोन्ही वेळी खाडिलकरांनी तयार चालींवर शब्द बांधले. टेंबे हे पेटीवादक. पूरब अंगाची ठुमरी, कजरी आणि टप्पा यांचा त्यांच्यावर दाट संस्कार होता. ठुमरीचे मर्म बोलबनावात असते. एकच छोटा शब्दसमूह पुन्हा पुन्हा घेऊन त्यातून कधी लाडिक तक्रार, कधी रुसवा, कधी आव्हान उमटवायचे, अशी ही रीत आहे. तिला बोलका शब्द लागतो. संबोधन, नकार, प्रश्न आणि प्रत्युत्तर यांना तिच्यात मोठे स्थान असते. ‘मानापमाना’तील भामिनी आणि धैर्यधर यांची पदे या दृष्टीने वाचली, तर ती एकमेकांना दिलेली उत्तरे आहेत असे दिसते. पैशाचा मान आणि शौर्याचा मान यांतील झगडा या नाटकात गद्यातून जितका पुढे सरकतो, तितकाच तो पदांच्या पहिल्या तुकड्यांतूनही सरकतो. मुखडा आटोपशीर, लय खेळती आणि शब्द समोरच्याच्या अंगावर टाकलेला, हे टेंब्यांच्या चालीचे लक्षण खाडिलकरांच्या भाषेचे लक्षण होऊन बसले.

भास्करबुवांचा पिंड निराळा. फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूरचे अल्लादिया खाँ अशा तीन थोर गुरूंची तालीम त्यांच्या गळ्यात एकवटली होती. ‘स्वयंवरा’साठी त्यांनी ख्यालाच्या बंदिशींचे साचे दिले. यमन, बिहाग, भूप अशा व्यापक आणि रसिकांच्या परिचयाच्या रागांत रुक्मिणीची मुख्य पदे बांधली गेली. ख्यालाची बंदिश स्थायी आणि अंतरा अशा दोन भागांची, अल्पाक्षरी असते. समेवर येणारे अक्षर शक्यतो दीर्घ आणि मोकळ्या स्वराचे असावे लागते, कारण तेथेच गळा टेकतो आणि तेथूनच आलापाला वाट मिळते. अशा साच्यात पूर्ण वाक्य मावत नाही. क्रियापद गळते, विभक्तिप्रत्यय समासात लुप्त होतात आणि तत्सम शब्दांना प्राधान्य मिळते, कारण ते थोड्या अक्षरांत पुष्कळ अर्थ कोंबू शकतात. खाडिलकरांच्या पदांवर ठेवण्यात येणारा क्लिष्टतेचा आरोप येथे सर्वाधिक लागू पडतो, आणि त्याचे कारणही येथेच सापडते. ‘स्वयंवरा’चे पद संवाद पुढे नेत नाही. रुक्मिणीच्या मनाची एक अवस्था ते पकडते आणि रागाच्या विस्तारातून ती भरत नेते. हा विस्तार छापील पानावर दिसत नाही. तेथे उरतो तो त्याला आधार देणारा शब्दांचा सांगाडा. सांगाड्याला देह समजून त्याच्या कृशतेवर टीका करण्यासारखा हा प्रकार आहे.

४

या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप संभवतो. ‘मानापमान’ हे संघर्षाचे आणि ‘स्वयंवर’ हे अनुरागाचे नाटक. तेव्हा भाषेतील फरक विषयाने घडविला, त्यासाठी स्वररचनाकाराकडे जाण्याचे कारण काय? या आक्षेपाचे उत्तर खाडिलकरांच्याच ‘द्रौपदी’त (१९२०) मिळते. या नाटकाचे संगीतही भास्करबुवांचे. अवमानित, संतप्त आणि राजसभेला जाब विचारणारी नायिका हा विषय पाहता येथे ‘मानापमाना’च्या वळणाची प्रत्युत्तराची भाषा अधिक शोभली असती. प्रत्यक्षात पदांची घडण ‘स्वयंवरा’ला जवळची राहिली. राग पसरू पाहतो आणि प्रसंग धावू पाहतो, अशी ओढाताण त्यामुळे निर्माण झाली. विषय बदलूनही पदाची जात बदलली नाही, याचा अर्थ ती जात ठरविण्यात स्वररचनाकाराचा वाटा मोठा होता.

दुसरा आक्षेप गायकनटाविषयीचा आहे. पद रंगते ते बालगंधर्वांच्या गळ्यामुळे, चाल हे निमित्त, असे म्हणता येईल. वन्समोअरच्या आग्रहाखातर एकेक पद लांबत जाई आणि नाटक रात्रभर चाले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. अहमदजान तिरखवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी यांनी या मैफलीला आणखी बळ दिले. तरीही गायक आणि चाल यांतील भेद नाहीसा होत नाही. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी मुंबईत जे ‘संयुक्त मानापमान’ झाले, त्यात गंधर्व मंडळीच्या बालगंधर्वांची भामिनी आणि ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर उभे ठाकले. दोघांचे गळे आणि दोघांच्या गायनाचे धर्म भिन्न होते. असे असूनही सवाल-जवाबाची घडण अभंग राहिली, कारण ती चालींतच होती. याच नाटकातील धैर्यधराच्या काही पदांना पुढे दीनानाथ मंगेशकरांनी स्वतःचे आक्रमक वळण दिले, तेव्हा शब्द तेच राहूनही धैर्यधराचे व्यक्तित्व पालटले. गायक केवळ वाहक न राहता स्वररचनाकाराच्या जागी येऊन बसल्याचे हे उदाहरण आहे.

कर्तृत्वाच्या विभागणीचा सर्वांत गुंतागुंतीचा नमुना म्हणजे ‘एकच प्याला’ (१९१९). राम गणेश गडकऱ्यांचे हे नाटक त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. त्याची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली आणि चाली सुंदराबाई जाधवांकडून आल्या. बैठकीच्या गाण्यातील गायिकेची ही वळणे सिंधूच्या तोंडी गेली. पतीच्या व्यसनाने उद्ध्वस्त होणाऱ्या कुलीन गृहिणीचे दुःख ज्या स्वरांतून महाराष्ट्राने ऐकले, ते स्वर त्या काळच्या कुलीन समाजाने घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या गायनपरंपरेतले होते. या विरोधाची दखल घेतल्यावाचून ‘एकच प्याल्या’चे सामाजिक वाचन पुरे होणार नाही. मात्र सिंधूची पदे सर्वसाधारणपणे ‘गडकऱ्यांची’ म्हणूनच उल्लेखिली जातात. त्यात गुर्जर एकदा लोपतात, आणि सुंदराबाई दोनदा: स्वररचनाकार म्हणून एकदा आणि स्त्री म्हणून दुसऱ्यांदा.

५

भास्करबुवांच्या पश्चात गंधर्व मंडळीच्या संगीताची धुरा त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८–१९७४) यांच्याकडे आली. गुरूची विद्या तीच, पण वृत्ती वेगळी. भास्करबुवांचा राग संथपणे उलगडतो. कृष्णरावांचा राग मधूनच दुसऱ्या रागाची झुळूक घेऊन परततो. लहान हरकती, चपळ लय आणि अनपेक्षित मिश्रणे हा त्यांचा विशेष. ‘कान्होपात्रा’त (१९३१) त्यांनी भजनाचे वळण रंगभूमीवर आणले. भजनात शब्द पुन्हा वाक्याच्या रूपात येतो, कारण तेथे आळवणी अर्थाची असते. त्यामुळे या नाटकातील पदे ‘स्वयंवरा’च्या पदांहून वाचायलाही सुलभ वाटतात. घराणे एक असूनही स्वररचनाकार बदलताच पदाची भाषा बदलते, हे येथे पुन्हा प्रत्ययास येते.

याच काळात दुसरी शाखा वझेबुवांची होती. सावंतवाडी संस्थानातील वझरे गावचे रामकृष्णबुवा वझे ग्वाल्हेर गायकीचे. ललितकलादर्श आणि बळवंत संगीत मंडळी या दोन्ही संस्थांना त्यांच्या चाली लाभल्या. वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभी’त (१९२७) त्यांच्या चालींनी आणि दीनानाथांच्या तेजस्वी गळ्याने मिळून जे रसायन सिद्ध केले, त्यात आर्जवाला फारसे स्थान नाही. अनवट राग, झेपावणारी तान आणि ठसठशीत आघात यांमुळे शब्दही ओजस्वी, व्यंजनप्रधान झाले. राष्ट्रीय भावनेचा आविष्कार म्हणून या पदांकडे पाहताना त्यांच्या नादरचनेचा हा भाग विचारात घेणे आवश्यक आहे.

१ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ सादर केली आणि क्रम उलटा झाला. ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी रचलेल्या या नाटकाला केशवराव भोळ्यांचे संगीत होते. गाणी मोजकी आणि प्रसंगाच्या आत बसणारी. गायनाचा विस्तार जवळजवळ वर्ज्य. येथे शब्दाने अर्थाच्या गरजेप्रमाणे स्वर मागून घेतला. भावगीताची वाट पुढे प्रशस्त झाली, तिचा एक आरंभबिंदू येथे आहे. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त (१९४२) मास्तर कृष्णरावांनीही याच आटोपशीरपणाशी जुळवून घेतले, ही गोष्ट शैली ही व्यक्तीइतकीच काळाचीही असते, याची साक्ष देते.

६

साठोत्तरी काळात संगीत नाटकाचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याची तुलनाही याच अंगाने करता येते. राम मराठ्यांचे ‘मंदारमाले’चे (१९६३) संगीत मैफलीच्या परंपरेला जवळचे आहे. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) यांनी मात्र ‘मत्स्यगंधा’पासून (१९६४) पदांचा विस्तार आवरला आणि प्रत्येक पदाला प्रसंगाशी बांधून घेतले. गोव्यातील मंगेशी येथील देवळाचे संस्कार, आग्रा आणि जयपूर घराण्यांची तालीम आणि आकाशवाणीवरील कामाचा अनुभव यांच्या मिश्रणातून त्यांची शैली घडली. भास्करबुवांची रागदारी आणि भोळ्यांची मितव्ययी दृष्टी यांचा संयोग तीत आढळतो.

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकाचे महत्त्व याहून वेगळे आहे. येथे दोन घराण्यांच्या गायकी हाच नाट्यविषय आहे. पंडितजी आणि खाँसाहेब यांची गाणी एकाच स्वररचनाकाराला दोन भिन्न शैलींत बांधावी लागली, कारण त्यांतील भेद ऐकू आला नाही तर कथानकच उभे राहत नाही. शैलींची जी तुलना समीक्षेने करावयाची, ती अभिषेकींनी नाटकाच्या पोटातच मांडली. वसंतराव देशपांडे यांच्या खाँसाहेबाने तिला देह दिला. येथे संगीत काढून उरलेली संहिता वाचणे म्हणजे वादातील दोन्ही पक्षांची बाजू न ऐकता निकाल वाचण्यासारखे आहे. २०१५ मध्ये या नाटकावर चित्रपट निघाला, तेव्हा अभिषेकींच्या काही रचना कायम ठेवून त्यांच्या शेजारी शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना बसविण्यात आल्या. जुन्या आणि नव्या रचनांमधील सांधा सामान्य प्रेक्षकालाही जाणवला. शैली म्हणजे काय, याचे हे प्रात्यक्षिकच होते.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष संभवतात. संगीत नाटकातील पद ही शब्दांची रचना असली, तरी तिचा कर्ता नेहमी एक नसतो. किर्लोस्करांत कवी आणि स्वररचनाकार एकरूप आहेत, खाडिलकरांत ते दोन आहेत आणि ‘एकच प्याल्या’त गद्य, पद्य आणि चाल यांचे कर्ते तीन आहेत. क्रमही स्थिर नाही. कधी स्वराने शब्द घडविला, कधी शब्दाने स्वर. पदाच्या भाषेविषयीचे कोणतेही विधान हा क्रम तपासल्यावाचून करता येणार नाही. खाडिलकरांच्या पदांना केवळ कविता म्हणून नापास करणाऱ्या समीक्षेने नकळत टेंबे आणि भास्करबुवा यांचीही उत्तरपत्रिका तपासली, आणि तीही न ऐकता.

याचा एक व्यावहारिक परिणामही आहे. नाटकांच्या नव्या आवृत्त्यांत आणि पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यांत पदावरील राग-ताल-चालीची ओळ अनावश्यक समजून गाळली जाते, तेव्हा कर्तृत्वाचा एकमेव छापील पुरावा नष्ट होतो. संहितेची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना पाठभेदांना जे स्थान दिले जाते, तेच या ओळीला दिले पाहिजे. आणि नाटककाराच्या नावाखाली चाली देणाऱ्याचे नाव आले पाहिजे. कोकणातील भजनी मंडळींना अभंग तुकोबांचा आणि चाल नाटकातली, हे दोन्ही एका दमात सांगता येते. वाङ्मयसमीक्षेलाही ते सांगता आले पाहिजे.